काडीएवढी तार, मुठीएवढं भोक

४ जानेवारी, रविवार

ही डायरी शिड्या विकणाऱ्या दुकानदाराने फुकट दिली. ज्याच्या हाताखाली मी काम करतो त्या उस्तादने ती स्वतःसाठी मागून घेतली होती. पण वरती शिडीवर चढणाऱ्या माणसाचं चित्र आहे, बायको हसेल म्हणाला आणि माझ्या अंगावर फेकली. शाळेत असताना वहीची मी फक्त विमानं केली. आता लिहावंसं वाटतंय, कारण डोक्यात राग भरलाय आणि तो ऐकून घ्यायला इथे कुणालाही फुरसत नाही.

आमचं काम सोपं आहे. लोकांच्या गच्चीवर चढायचं, ताटाएवढी डिश लावायची, तिचं तोंड टॉवरकडे करायचं, घरात एक डबा बसवायचा. आलं इंटरनेट. खड्डा नाही, खांब नाही, कुणाच्या दारातून जाणं नाही. म्हणून मला हे काम आवडतं. आपली गोष्ट हवेतून जाते, कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

आमचे दुश्मन म्हणजे फायबरवाले. ते रस्ते खणतात, तारा ओढतात, भिंतींना भोकं पाडतात. आम्ही त्यांना उंदीर म्हणतो. ते आम्हाला माकडं म्हणतात. चहाच्या टपरीवर दोन्ही टोळ्या समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या कपाकडेसुद्धा बघत नाहीत.

आता रागाचं कारण. ताईचा फोन आला. ज्या कापडाच्या दुकानात ती होती ते बंद पडलं, हे मला माहीत होतं. आता तिला एका दवाखान्याचं काम मिळतंय. घरी बसून फोन घ्यायचे, कुणाला कुठल्या डॉक्टरची कितीची वेळ ते सांगायचं. बाई चांगली बोलते म्हणून पहिल्या झटक्यात निवडली. अट एकच, घरात न तुटणारं इंटरनेट पाहिजे. महिनाअखेरीनंतर ते लाइन तपासून बघणार. लाइन नसेल तर दुसऱ्या गावी त्यांच्या ऑफिसात येऊन बसा म्हणतात. म्हणजे मी इथे, ताई तिथे आणि घरात आई-बाबा दोघंच.

मी म्हटलं, "त्यात काय? मी डिश पाठवतो."

ताई म्हणाली, "आई म्हणते तार घेऊ या."

माझ्या आईचा मुलगा उन्हातान्हात दुसऱ्यांच्या गच्च्यांवर चढतो, आणि आईला तार पाहिजे! शेजारच्या बाईने सांगितलं असेल. बरं, तार येणार कुठून? आमच्यासमोरचा रस्ता नुकताच केलाय, तो कुणी खणू देणार नाही. तार फक्त मागच्या गल्लीतल्या खांबावरून येऊ शकते. आणि आमच्या घराच्या नि मागच्या गल्लीच्या मधे काकाचं घर. आमची मागची भिंत तीच त्याची मागची भिंत.

काका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचा सुतारकामाचा एक कारखाना होता. एक दिवस बाबा गावाला गेलेले असताना काकाने मोठी करवत, ती विजेवर चालणारी, आजोबांनी घेतलेली, परस्पर विकून टाकली. बाबा परत आले तर जागेवर चार बोल्ट नुसते. त्या दिवसापासून बोलणं बंद. करवत गेल्यावर कारखाना काय चालणार? मी त्यात शिकत होतो, माझंही संपलं. घरातून निघताना मी सगळ्यांना बजावून आलो होतो, फोनवर कुणी काकाचं नाव काढलं तर मी फोन ठेवीन. आजपर्यंत कुणी काढलेलं नाही.

म्हणून तार नाही. विषय संपला.


११ जानेवारी, रविवार

रविवारचा फोन. बाबा नेहमीसारखे ओरडून बोलले. त्यांना वाटतं, मी जेवढा लांब तेवढा आवाज मोठा पाहिजे. मी म्हटलं, "बाबा, हळू. मी चंद्रावर नाही." तर आणखी मोठ्याने म्हणाले, "मग येत का नाहीस?"

व्हिडिओ लावला तर चित्र सारखं हलत होतं. बाबांचं कपाळ, मग छत, मग कपाळ. मी म्हटलं, नेट बघा तुमचं काय झालंय ते, म्हणूनच डिश पाहिजे.

डिशला एकच गोष्ट लागते. तिला टॉवर दिसला पाहिजे. मधे काही नको. आमच्याकडे टॉवर टेकडीवर आहे. मी लहानपणी गच्चीवर पतंग उडवताना त्याच्यावर नेम धरायचो. तरी रीत म्हणून विचारलं, "बाबा, गच्चीवरून टॉवर दिसतो ना?"

मागून आई म्हणाली, "सांगा की त्याला."

बाबा म्हणाले, "टॉवर कुठे जाणार? आहे तिथेच आहे."

मी हसलो. ताई काहीतरी बोलायला पुढे आली, तेवढ्यात फोन बाबांनी आपल्याकडे ओढला आणि जेवतोस का नीट, विचारायला लागले.


१४ जानेवारी

आज टपरीवर फायबरवाल्यांच्या मिशीवाल्याशी वाजलं. तो त्यांचा म्होरक्या. मिशीला चहा लागू नये म्हणून कप तिरका धरतो. मला ऐकू जाईल असं शेजारच्याला म्हणाला, "माकडांचं काय, झाड आडवं आलं की संपलं."

मी म्हटलं, "उंदरांचं काय, शेजारी आडवा आला की संपलं."

तो म्हणाला, "पोरा, शेजाऱ्याशी बोलता येतं. झाडाशी काय बोलणार?"

"आमचा शेजारी नाही बघितला तुम्ही. त्याच्यापेक्षा झाड परवडलं."

दोन्ही टोळ्या हसल्या. मिशीवालाही हसला आणि त्याच्या मिशीला चहा लागला. माझी जीत झाली असं मी धरून चाललो.


१९ जानेवारी

उस्तादने एका बंद पडलेल्या ऑफिसवरून उतरवलेली डिश मला दिली. चांगली आहे, फक्त एका बाजूला कबुतरांनी आपलं मत नोंदवलंय. मी घासून चकचकीत केली आणि पार्सल टाकलं.

उस्तादने विचारलं, "गच्ची बघून घेतलीस?" आमच्या कामात पहिला नियम हाच. आधी स्वतः वर चढायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं. कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. घरमालक तर काहीही सांगतात.

मी म्हटलं, "उस्ताद, घर माझं आहे. डोळे मिटून सांगतो." आणि पार्सलच्या खोक्यावर खडूने काढून दाखवलं: इथे टाकी, इथे कपडे वाळत घालायची दोरी, इथून सरळ टॉवर.

उस्ताद म्हणाला, "डोळे मिटूनच सांगितलंस बघ." त्याला असं तिरकं बोलायची सवय आहे.


२७ जानेवारी

आज डिश बसली. म्हणजे बसवली.

तिकडे गल्लीतला वायरमन गच्चीवर, मी इकडे फोनवर. मी सांगत होतो, तो फिरवत होता. डब्यावरचा दिवा हिरवा व्हायला पाहिजे. लालच. थोडी डावीकडे, लाल. थोडी वर, लाल. मी म्हटलं, "अहो, टॉवरकडे तोंड करा की! टेकडी दिसत नाही का तुम्हाला?"

वायरमन म्हणाला, "टेकडी आहे कुठे? समोर भिंत आहे."

"कसली भिंत? तुम्ही कुणाच्या गच्चीवर आहात?"

मग फोनवर वारा आणि कुजबुज. मग ताई. "अरे, काकांनी वरती मजला चढवलाय. पूर्ण. टॉवर त्याच्या मागे गेला."

"कधी?"

"वर्ष झालं."

"वर्ष! आणि मला एक जण सांगत नाही?"

ताई शांतपणे म्हणाली, "काकाचं नाव काढलं तर फोन ठेवीन, असं कोण म्हणालं होतं?"

मी फोन ठेवला.


२८ जानेवारी

आमच्या करवतीवर त्याचा मजला उभा राहिला! आमच्या टॉवरसमोर! सगळ्या जगाची हवा मोकळी आहे, फक्त आमची या माणसाने भिंत घालून अडवली. ताई काहीही म्हणो. बाबांनी मला खोटं सांगितलं नाही. टॉवर आहे तिथेच आहे. ते स्वतःच्या तोंडाने त्या माणसाच्या घराचं नाव घेणार नाहीत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. आम्ही वाकणारे नाही.

उस्तादने विचारलं, "लागली का डिश?" म्हटलं, लागली. लागली आहेच. चालते का, हे त्याने विचारलं नाही.


१ फेब्रुवारी, रविवार

ताईने दोनच वाटा आहेत म्हणून सांगितलं. एक, डिश काकाच्या वरच्या गच्चीवर लावायची. दोन, खांबावरून तार काकाच्या घरात आणि तिथून भिंतीतून आमच्याकडे. दोन्हीकडे काकाला विचारावं लागतं.

मी म्हटलं, "बाबांना चालणार नाही."

ताई म्हणाली, "बाबा म्हणतात, तुला चालणार नाही."

"मग बरोबरच आहे."

"काय बरोबर आहे? तू म्हणतोस बाबांना चालणार नाही, बाबा म्हणतात तुला चालणार नाही. नक्की चालत नाही ते कुणाला? मला चालतंय. आईला चालतंय. आईने तर पहिल्या दिवशीच तार म्हटलं होतं."

"आईला तारेतलं काय कळतं?"

मागून आई म्हणाली, "मला तारेतलं काही कळत नाही रे बाबा." आणि भांडी घासायला निघून गेली. आवाज जरा जास्तच करत होती.

पण मी हार मानणारा नाही. तिसरी वाट माझ्या डोक्यात आली. उंच लोखंडी खांब! आमच्या गच्चीवर खांब उभा करायचा, काकाच्या मजल्याच्याही वर डोकं काढेल एवढा, आणि त्याच्या टोकाला डिश. त्याने मजला चढवला तर आम्ही त्याच्या डोक्यावरून बघू. बाबा एवढे खूश झाले की फोन न घेताही मला ऐकू आले असते. "असंच पाहिजे! बघ म्हणावं आता!"

चित्र आजही हलत होतं. लाल दिवा कधी जातो असं झालंय.


८ फेब्रुवारी, रविवार

झाला हिरवा! हिरवा झाला! वायरमनने खांब उभा केला, तीन बाजूंनी तारा ताणल्या, आणि डिशने काकाच्या मजल्यावरून मान वर काढून टॉवर बघितला. ताईने तिथून मला फोन लावला, एक शब्द तुटला नाही. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला, उंदरांनासुद्धा. मिशीवाल्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, माकड खांबावर चढलं.

बाबा काल स्वतः गच्चीवर बोल्ट आवळायला गेले होते. ताई सांगत होती, पाना त्यांच्या हातातून सुटला आणि काकाच्या बाजूच्या अंगणात पडला. आणायला कोण जाणार? राहू दे म्हणाले. आज सकाळी दार उघडलं तर पाना उंबऱ्यावर. पुसून, तेल लावून ठेवलेला.

बघा माणसाचा माज. दारात आणून टाकतो, हाक मारत नाही.


११ फेब्रुवारी

वारा सुटला.

खांब हलतो. फार नाही, पण टोकाला हलतो, आणि टोकालाच डिश आहे. ताईची आज दवाखान्याच्या लोकांबरोबर सरावाची बैठक होती. एका म्हाताऱ्या बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ द्यायची, खोटी खोटी. ताई म्हणाली, "आजी, तुम्ही सकाळी" आणि लाइन गेली. पुन्हा आली तेव्हा त्या बाई दुसऱ्या कुणाशी बोलत होत्या.

मी म्हटलं, "आणखी दोन तारा ताणू. खालून सिमेंट घालू."

ताई म्हणाली, "नको. मी बॅग काढलीय माळ्यावरून."

"एवढ्यात?"

"मग कधी? त्यांनी महिनाअखेरीला परत तपासू म्हटलंय, ते मेहेरबानी म्हणून. तुला जाता आलं, मला का नाही जाता येणार? तुम्ही दोघं खांब घेऊन बसा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मग ती म्हणाली, "जाण्याचं काही नाही रे. पण बाबांच्या शर्टाची बटणं सकाळी मी लावून देते. आईला जवळचं दिसत नाही आता. एवढं कोण करणार ते बघून ठेवा."

बटणं! बाबा हल्ली लाडावलेत.


१३ फेब्रुवारी

काकाला फोन केला.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणू नये की मी वाकलो. मी विनवणी केलेली नाही. दुपारच्या सुट्टीत, एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहून केला. आजूबाजूला एकही भिंत नव्हती.

"हॅलो, कोण?"

"मी. तुमच्या भावाचा मुलगा."

"एवढा लांबचा पत्ता कशाला देतोस? पुतण्या म्हण की."

मी म्हटलं, "मी काही मागायला फोन केलेला नाही."

"बरं. मग कशाला केलास?"

सगळं ठरवून ठेवलं होतं, ऐनवेळी एक वाक्य आठवेना. तोच म्हणाला, "तार का डिश?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुझा बाप फोनवर बोलतो का गल्लीला भाषण देतो? मधली भिंत एका विटेची आहे. रविवारी तुझा फोन आला की तुझी काकू टीव्ही बंद करते." मग म्हणाला, "शिडीवरून घसरला होतास ना, तो गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"वळताना दुखतो का?"

"कधी कधी."

"शेक. नुसता मलम चोळून नाही भागत."

म्हणजे चोरून ऐकतात! नवरा-बायको टीव्ही बंद करून भिंतीला लागून बसतात! आणि वर तोंडाने सांगतात! मी ऐकवणार होतो, पण सुट्टी संपत आली होती. कामाचं बोललो. म्हटलं, डिश तुमच्या गच्चीवर ठेवायची तर...

"डिश नको. वर वारा फार. तार घ्या. खांबावरून माझ्या मागच्या खोलीत येईल, तिथून भिंतीतून तुमच्याकडे. भोक मी पाडतो."

"आमच्या भिंतीला भोक बाबा पाडतील."

"त्याच्या हातात ड्रिल देऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अजून त्यांना कमी लेखता? या सगळ्या गल्लीत त्यांच्यासारखा सांधा कुणी जोडत नव्हता. त्यांची करवत त्यांना न विचारता विकलीत, आता ड्रिलसुद्धा हातात घ्यायचं नाही?"

काका म्हणाला, "विकली. परत असती तर परत विकली असती. विचारलं असतं तर त्याने विकू दिली नसती. त्याची बोटं बघ कधी घरी आलास तर. सगळी आहेत ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नसेल. त्याला सांग, रविवारी सकाळी मी माझ्या बाजूने सुरू करतो. त्याला त्याच्या बाजूने करायचं तर करू दे. आणि ताईला म्हणावं बॅग वर ठेव."

मी आभार मानले नाहीत. फोन त्याने आधी ठेवला का मी, ते आठवत नाही. मी, असं धरून चालू.

बाबांना कळवलं. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, "तूच फोन केलास?" मी म्हटलं, हो. "म्हणजे तुला चालतंय?" म्हटलं, मला नाही चालत, ताईसाठी. "हां," म्हणाले, "ताईसाठी. मग माझंही तसंच समज."


१५ फेब्रुवारी, रविवार

आईने मोबाइल फडताळात टेकवून ठेवला, म्हणून मला मागच्या खोलीतलं सगळं दिसलं. चित्र एकदम स्थिर होतं. फडताळात नेट चांगलं येत असेल.

फायबरवाल्यांचा माणूस काकाच्या घरापर्यंत तार आणून देऊन गेला होता. राहिली होती भिंत. बाबांनी पेन्सिल कानावर लावली होती. किती दिवसांनी बघितली मी ती कानावर. भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, पण भोक नक्की कुठे पाडायचं, हे दोघांनी ठरवायला पाहिजे ना? आणि बोलायचं तर नाही.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. टक टक.

बाबांनी भिंतीला कान लावला. बोटाने चाचपलं. मग हातोडीच्या दांड्याने इकडून एकदा ठोकलं. पलीकडून पुन्हा दोनदा, जरा वर. इकडून एकदा.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

आई हळू आवाजात म्हणाली, "मोठं कपाट करायचे तेव्हा एक आतून, एक बाहेरून असे काम करायचे. आतल्याला बाहेरचं ऐकू यायचं नाही. म्हणून असं ठोकायचे. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे सरक. एक, मग थांबून आणखी एक, म्हणजे आता तू कर. तू तेव्हा भुश्यात खेळायचास."

बाबांनी ड्रिल उचललं. मी मुद्दाम सांगितलं होतं, तुम्हीच पाडा म्हणून. सुरू केलं तर टोक जागेवर राहीना. घसरलं, गिलाव्यावर हा लांब ओरखडा उठला. दुसऱ्यांदा तसंच. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, ताईने मागून कोपर धरलं, तरी तसंच. ड्रिल जुनं आहे. बाबांनी ते खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत राहिले.

मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने एकदा ठोकलं. थांबून आणखी एकदा.

पलीकडून मशीन सुरू झालं. माती गळायला लागली आणि बाबांनी पेन्सिलने केलेल्या खुणेच्या अगदी मधून टोक बाहेर आलं. बाबा म्हणाले, "हां." कुणाला म्हणाले कोण जाणे.

तिथे थांबायला पाहिजे होतं. तार आहे काडीएवढी. पण पलीकडून छिन्नीचे घाव सुरू झाले आणि बाबांनीही आपली पटाशी आणली, ही लाकडाची, विटेला लावायची नसते, आणि इकडून ते आणि तिकडून तो, वीट फुटून बाहेर येईपर्यंत. मी फोनवरून ओरडत होतो, बास, बास! मुठीएवढं भोक झालं. आमच्या कामात असं कुणी केलं तर उस्ताद त्याला घरी पाठवतो.

मग भोकातून एक हात आला, धुळीने पांढरा, चिमटीत तार. बाबा पुढे वाकले आणि मला त्यांची पाठच दिसायला लागली. आईने पुढे होऊन बाबांच्या हातातून तार काढून घेतली, ताईने डब्याला लावली, दिवा हिरवा झाला, सगळं झालं, तरी बाबा तिथेच वाकलेले. मी विचारलं, "आता काय राहिलंय?"

आई म्हणाली, "काही नाही." पदराने डोळे पुसत होती. धूळ फार झाली होती.

काकाचा हात अडकला असणार. म्हणून म्हणतो, भोकाचं काम माहीतगाराने करावं.


२२ फेब्रुवारी, रविवार

ताईची लाइन पास झाली. महिना संपायची वाटसुद्धा बघितली नाही, म्हणाले उद्यापासून या. या म्हणजे काय, बसल्या जागी या. बॅग माळ्यावर परत गेली. बातमी ऐकून मी शिडीवरून जवळजवळ पडलोच असतो. मग गुडघ्याचं आठवलं.

टपरीवर मिशीवाल्याला कुणीतरी सांगितलंच. "काय रे माकडा, घरात तार आली म्हणे?"

मी म्हटलं, "आली. ताईसाठी. मी अजूनही म्हणतो, हवा ती हवा."

"आणि शेजारी?"

"शेजाऱ्याशी बोलणं नाहीच आमचं." हे खरं आहे. बाबा आणि काका अजून एक शब्द बोललेले नाहीत. सकाळी चहा झाला की बाबा भिंतीवर ठोकतात, पलीकडून ठोका येतो, बास. ताई म्हणते, परवा बाबांना ठोकायला उशीर झाला तर काकू धावत पुढच्या दाराने आली, बरे आहेत ना बघायला. मग चहा पिऊन गेली. काकू आमच्याकडे! पण काकूशी आमचं भांडण नव्हतं.

आज व्हिडिओ लावला. फायबर काय असतं ते मान्य करावं लागेल. भिंतीवरचा ओरखडा, चुन्याचा पापुद्रा, आईच्या चष्म्यावरचा डाग, सगळं स्वच्छ. भोक तसंच. मी बाबांना म्हटलं, "ते बुजवा आधी. उंदीर येतील, धूळ येईल."

"बघू."

"काकाला सांगा, त्याच्या बाजूने तरी सिमेंट लावेल."

"तो लावत होता. मी एकदा ठोकलं."

मग मी ऐकलं. भोकातून काकाच्या घरातला आवाज येत होता. म्हणजे येत नव्हता. टीव्ही बंद होता. बाबा आज ओरडत नव्हते, साध्या आवाजात बोलत होते, आणि फोन माझ्याकडे धरून तोंड मात्र अर्धं भिंतीकडे.

मी म्हटलं, "बाबा, चित्र अजून हलतंय. फायबर आहे तरी हलतंय."

"तुझ्या बाजूचं नेट खराब असेल."

"माझ्या बाजूचं चांगलं आहे. ताईकडे द्या फोन."

ताईने घेतला. हललं नाही. आईने घेतला. हललं नाही. "आता बाबांकडे दे," मी म्हटलं. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "कशाला? दिसतंय ना आता नीट." बाबांनी हात खिशात घातले होते. घरात, बसल्या बसल्या, दोन्ही हात खिशात.

मी विचारलं, "कधीपासून?"

भोकातून काकाचा आवाज आला, अगदी शेजारून आल्यासारखा. "करवत विकली त्याच्या आधीपासून."

बाबा भिंतीकडे वळून म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

हा त्यांचा पहिला शब्द. मी साक्षीदार आहे.

उस्तादकडे सुट्टी मागितली. कशाला म्हणाला. घरात एक काम वाईट झालंय, म्हटलं, मला स्वतः जाऊन आपल्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. भोकही मीच बुजवणार आहे. कुणाच्या परवानगीने नाही, आणि लगेच नाही. आधी त्यातून हात घालून पलीकडच्या माणसाला बजावणार आहे, चोरून ऐकायचं असेल तर खुर्ची घेऊन इकडे येऊन बसा.